मुलहर्नच्या नावावरचे सव्वीस फटके

डेनिस मुलहर्न आमच्या लॉकर्टी गावाच्या रेल्वे फाटकावर एकोणतीस वर्षं लाल बावटा घेऊन उभा होता. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. बासष्टाव्या वर्षी त्यानं पहिल्यांदा मागितलं, आणि तेही काय, तर आपल्या नावावर लिहिलेले सव्वीस फटके काढून टाकावेत. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला. मीही तेच म्हणाले. मी, गॅफनीबाई, तेव्हा गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि माझं मत मी कुणापासून लपवून ठेवत नसे.

झालं असं. १९२६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कहून वाचनालयात एक जाडजूड पुस्तक आलं. धंदेवाईक बेसबॉल सुरू झाल्यापासून मोठ्या लीगमध्ये जो कुणी एक सामना जरी खेळला असेल, त्या प्रत्येकाचं नाव आणि आकडे त्यात होते. मला त्या खेळात काडीचा रस नव्हता. नऊ माणसं उन्हात उभी राहतात, अधूनमधून थुंकतात आणि दोन तासांनी भांडत घरी जातात, एवढंच मला ठाऊक होतं. पण आलेल्या पुस्तकावर शिक्का मारणं माझं काम. शिक्का मारायला म्हणून मधलं पान उघडलं तर समोर आमच्याच गावाचं नाव.

‘मुलहर्न, डी. जन्म लॉकर्टी, पेनसिल्व्हानिया. वर्ष १८८४. सामने २२. बॅटिंगला ८१ वेळा. फटके २६. सरासरी .३२१.’

मग मी एक चूक केली. ही गोष्ट मी ह्यूबर्ट स्कॅनलला सांगितली. स्कॅनल गावातला अंत्यविधीचा व्यवसाय करणारा. गावात कोण गेलं हे त्याला घरच्यांच्याही आधी कळायचं, पण जिवंत माणसांत त्याला फक्त बेसबॉल खेळणारेच आवडायचे. जुन्या कोळसा धुण्याच्या कारखान्यामागे गावानं नवं मैदान केलं होतं आणि त्या मैदानाच्या समितीचा तो अध्यक्ष होता. तीनशेच्या वर सरासरी, म्हणजे हजारात तीनशेहून अधिक वेळा यशस्वी फटका, किती मोठी ते त्यानं मला पाऊण तास समजावलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की फाटकावरचा अबोल डेनी तरुणपणी तीनशे एकवीसनं बॅटिंग करत होता. चार जुलैला मैदानाच्या दाराशी दगड बसवायचा, त्यावर डेनीचं नाव आणि हे आकडे कोरायचे, असं दुसऱ्या दिवशी ठरलंसुद्धा.

शनिवारी डेनी वाचनालयात आला. टोपी काढून हातात धरली, बूट दारातच पुसले.

"बाई, ते पुस्तक जरा दाखवता का?"

मी पान उघडून दिलं. त्यानं ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा त्याचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले. आल्याच्या गड्ड्यासारखी बोटं होती. एक डावीकडे वळलेलं, एक मधूनच वाकलेलं, आणि उजव्या हाताची अनामिका तर पार आडवी झालेली. त्यानं ओळ दोनदा वाचली.

"हे मी नाही," तो म्हणाला.

"नाव तर तुमचंच आहे."

"नाव माझं आहे. फटके माझे नाहीत."

"मग कुणाचे?"

"कॉनचे. कॉर्नेलियस मुलहर्नचे. आमचं नातं नाही हो, त्या काळी लॉकर्टीत दगड भिरकावला तर कुठल्या ना कुठल्या मुलहर्नलाच लागायचा. मी तीन सामने खेळलो. अकरा वेळा बॅटिंगला गेलो आणि अकराही वेळा तोंड पाडून परत आलो. एकही फटका नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही."

मग त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या वर्षी हॅरोगेट शहराचा क्लब मोठ्या लीगमध्ये शिरला होता आणि त्यांना कॅचर मिळत नव्हता. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे वाकून चेंडू अडवणारा. आता त्याला गादीएवढा हातमोजा असतो. तेव्हा बोटं कापलेला पातळ कातडी हातमोजा असायचा आणि त्याच्या आत कच्च्या मांसाचा तुकडा घालायचे. चौथ्या डावापर्यंत मांसाचा खिमा व्हायचा आणि पाठोपाठ बोटांचा. तिसऱ्या सामन्यात, एकवीस जूनला, डेनीच्या अनामिकेचं हाड बाहेर आलं. मॅनेजरनं विचारलं, तुझ्या गावात आणखी कुणी आहे का रे? डेनीनं कॉनचं नाव सांगितलं. कॉन तिकडे गेला, एकोणीस सामने खेळला, आणि सप्टेंबरात विषमज्वरानं सेंट लुइसच्या एका खाणावळीत वारला. वय चोवीस.

"वर्तमानपत्रात नुसतं आडनाव छापायचे," डेनी म्हणाला. "एक मुलहर्न गेला, दुसरा आला. त्यांना वाटलं तोच आहे."

"डेनी, तो माणूस जाऊन बेचाळीस वर्षं झाली. तुम्ही जिवंत आहात. गाव तुमचा दगड बसवतंय. काय बिघडलं?"

माझं हे बोलणं मला आजही टोचतं. तो रागावला नाही. त्यानं फक्त पुस्तक मिटलं.

"मी काय आयत्या बिळावर नागोबा होऊन बसू? पत्र लिहा, बाई. माझ्यानं पेन धरवत नाही."

मी पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी संपादकांचं उत्तर आलं. आपले फटके कमी करा म्हणून लिहिणारा हा पहिलाच खेळाडू आहे, बाकी सगळे वाढवा म्हणून लिहितात, असं त्यांनी सुरुवातीलाच म्हटलं होतं. पुढे लिहिलं होतं, हॅरोगेटच्या एका वर्तमानपत्रात ‘लॉकर्टीचा डेनिस मुलहर्न’ असं पूर्ण नाव आहे, दुसरं कुठलंही पहिलं नाव सापडत नाही. इतक्या वर्षांनी स्मृती दगा देते. आणि शेवटी होतं, ‘आपल्या ग्रंथपालबाईंचा उत्साह कौतुकास्पद आहे.’

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या उत्साहाविषयी आजवर कुणी तक्रार केली नव्हती, कारण तो कुणी पाहिलाच नव्हता. पुढचे तीन शनिवार मी वाचनालयाला कुलूप लावून पहाटेच्या गाडीनं फिलाडेल्फियाला गेले. तिथल्या मोठ्या ग्रंथालयात १८८४ च्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढायला लावले आणि हॅरोगेटच्या प्रत्येक सामन्याचा तक्ता हातानं उतरवून घेतला. कागद इतका जुना की उलटताना बाहीवर भुगा पडायचा. पहिल्या तीन सामन्यांत ‘मुलहर्न, कॅचर’. मग एक आठवडा नावच नाही. मग अठ्ठावीस जूनपासून ‘मुलहर्न, डावं मैदान’. बेरीज केली. पहिले तीन: अकरा वेळा, शून्य फटके. उरलेले एकोणीस: सत्तर वेळा, सव्वीस फटके. म्हाताऱ्याच्या स्मृतीनं कुठेच दगा दिला नव्हता.

सगळे तक्ते न्यूयॉर्कला पाठवले. उत्तर आलं: बोट मोडलेल्या कॅचरला मैदानात लांब उभं करणं तेव्हा नेहमीचंच होतं. ही दोन वेगळी माणसं होती याला कागदोपत्री पुरावा हवा.

तोवर मे उजाडला होता. स्कॅनलला राहवेना. एका दुपारी तो फाटकावर आला, नेमकी मीही तिथेच होते. डेनीच्या झोपडीवजा खोलीत एक शेगडी, एक बाक आणि चहाची किटली, एवढंच सामान.

"डेनी, दगड आलाय," स्कॅनल म्हणाला. "व्हरमाँटचा संगमरवर. कारागीर छिन्नी घेऊन बसलाय. ताटात वाढलेलं लाथाडतोयस तू."

"ताट माझं नाही, ह्यूबर्ट."

"अरे, नाव काय कोरायचं? मुलहर्न! कॉनही मुलहर्नच ना? ज्याला जो समजायचा तो समजेल. तू फक्त त्या दिवशी नवा कोट घाल आणि गप्प उभा राहा. गप्प राहणं तर तुला जमतं!"

"बेचाळीस वर्षं जमलं," डेनी म्हणाला. "तेच तर चुकलं."

तेवढ्यात मालगाडीची शिट्टी झाली आणि तो बावटा घेऊन बाहेर गेला. स्कॅनल माझ्याकडे वळला. "हात दाखवून अवलक्षण करतोय. आणि तुम्ही, बाई, त्याला पेन पुरवताय." मी म्हटलं, पेन वाचनालयाचं आहे, कुणालाही मिळतं. तो पाय आपटत गेला.

डेनीच्या त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला वाटलं, कॉनविषयी कधी बोलला नाही याचंच त्याला वाईट वाटतंय. गाडी गेल्यावर तो आत आला, चहा ओतला, आणि मी उतरवून आणलेले तक्ते एकेक करून वाचून दाखवायला लागले. हे सामने कुठल्या तारखांना झाले हे त्याला कधीच कळलं नव्हतं. तो इथे गावात होता आणि सामने नऊशे मैलांवर. तो प्रत्येक ओळीला ‘हं’ म्हणत होता.

"तेरा जुलै, रविवार. सेंट लुइस. बॅटिंगला पाच वेळा, फटके चार."

‘हं’ आलं नाही. मी वर पाहिलं. त्याच्या हातातला कप तसाच अधांतरी होता.

"तेरा जुलै? रविवार?"

"हो."

"त्या रविवारी माझ्या हातात बाळ होतं," तो म्हणाला. "कॉनची मुलगी."

आमच्यात मूल जन्मलं की आठवड्याच्या आत त्याचा बाप्तिस्मा करतात. वाट कुणाचीच पाहत नाहीत, कारण मूल मध्येच गेलं तर काय? आई अंथरुणात असते, बाप खाणीत असतो, कुठेही असतो. बाप नसला तरी चालतं, धर्मपिता नसला तर चालत नाही. तो बाळाला घेऊन पाण्याच्या कुंडापाशी उभा राहतो आणि पाद्री त्याचं नाव नोंदवहीत लिहितो. बोटाला पट्टी बांधून घरी बसलेला डेनीच कॉनच्या मुलीचा धर्मपिता झाला होता. म्हणजे त्या रविवारी एक मुलहर्न सेंट लुइसमध्ये चार फटके मारत होता आणि एक मुलहर्न इथे सेंट ब्रेंडनच्या चर्चमध्ये उभा होता. एका वेळी दोन ठिकाणी असणं फक्त संतांना जमतं, आणि डेनी तर उपवासाच्या दिवसांतही चोरून सॉसेज खायचा.

मी तशीच उठून पाद्रीबाबांकडे गेले. त्यांनी नोंदवही उघडली. नोंद होती, डेनीचं नाव होतं. पण सहीशिक्क्याची नक्कल ते फक्त तिलाच देणार होते जिचा बाप्तिस्मा झाला होता. नियम म्हणजे नियम. मीही नियमांवरच जगते, त्यामुळे मला भांडता येईना.

ती म्हणजे विनिफ्रेड. रेशमाच्या गिरणीत दोनशे बायकांवरची मुकादम. बाई कडक, न्यायाची, आणि एका विषयावर पूर्ण बंद. बापाचं नाव ती कधी काढत नसे. तिची आई केट लोकांचे कपडे धुऊन जगली आणि मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला एकच वाक्य बोलत राहिली: तू जन्मलीस आणि तुझा बाप चेंडू मारत होता. केटला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण ते वाक्य विनिफ्रेडच्या घरात अजून राहत होतं.

रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर आम्ही दोघं तिच्या स्वयंपाकघरात गेलो. कोबी आणि बटाटे उकळत होते. डेनीनं काय हवं ते सांगितलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला जेवायचं असेल तर बसा. त्या माणसासाठी मी कागद आणणार नाही."

"विनी, ऐक."

"मी ऐकलंय, डेनीकाका. जन्मभर ऐकलंय. बायको बाळंत होतेय आणि हा निघून गेला. मी आठ वर्षांची होते तेव्हा आईचे हात पाहिलेत तुम्ही? सोड्यानं सोलवटलेले? आता त्याचं नाव पुस्तकात यायला हवं होय? कशाला? छान खेळला म्हणून?"

"तो निघून गेला नाही," डेनी म्हणाला. "मी पाठवला."

चमचा तिच्या हातातच राहिला. डेनी टोपी चुरगळत बोलत होता, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबला नाही. मॅनेजरला कॉनचं नाव त्यानं दिलं. कॉन नको म्हणत होता, केटचे दिवस भरत आलेत म्हणत होता. डेनीनं तीन दिवस त्याच्यामागे भुणभुण लावली. खाणीतून वर यायचं दुसरं दार आपल्याला कधी उघडायचं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, केटला आम्ही बघतो. आणि मुलगी झाल्यावर, बाप्तिस्म्याचा दिवस ठरला तेव्हा, डेनीनंच तार केली: ‘मुलगी. दोघी बऱ्या. येऊ नकोस. बाप्तिस्म्याला मी आहे.’

"तो पिशवी भरून बसला होता, विनी. नंतर त्यानं मला पत्र लिहिलं. निघणार होता, माझी तार मिळाली म्हणून थांबला. मी येऊ नकोस म्हटलं नसतं तर तो आला असता. कदाचित मेलाही नसता."

"आईला हे माहीत होतं?"

"नाही."

"तिनं तेहेतीस वर्षं... नाही, छत्तीस वर्षं त्याला शिव्या घातल्या. तुम्ही दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचात. समोर बसून ऐकायचात!"

"भ्यालो," डेनी म्हणाला. "पहिल्या वर्षी भ्यालो. मग उशीर झाला."

"ते पत्र कुठे आहे?"

"जाळलं. तिच्या हाती लागू नये म्हणून."

"म्हणजे पिशवीची गोष्टही तुमच्याच तोंडची." तिनं दार उघडलं. "निघा, डेनीकाका. आणि गॅफनीबाई, तुम्हीही."

रस्त्यावर आल्यावर मी डेनीला खूप बोलले. म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलं? मी तीन शनिवार धूळ खाल्ली ती एका भित्र्या माणसाच्या पापासाठी? तो म्हणाला, "हो, बाई. त्यासाठीच." माझा राग खरा होता आणि तो उगीच शांत झाला असं मी सांगणार नाही. पण त्या दिवशी मला एक कळलं. त्या माणसाला मोठेपणा नाकारायचा नव्हता, तो तर त्यानं कधी पाहिलाच नव्हता. त्याला बेचाळीस वर्षांपूर्वीचं एक खोटं निस्तरायचं होतं. ज्याला घरापासून तोडलं, त्याचे फटकेही आपल्याच नावावर बसलेत हे वाचल्यावर त्याला झोप येणं शक्य नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा वाचनालयात आला. मी म्हटलं, आता काय? तो म्हणाला, दुसरा पुरावा शोधू. मी म्हटलं, दुसरा नाही. तो म्हणाला, मग तिसरा. असा तो सलग पाच शनिवार आला. दुसऱ्या खेळाडूंच्या नातेवाइकांना, खाणावळीला, तिथल्या दफनभूमीला आम्ही पत्रं लिहिली. खाणावळ पाडली होती. दफनभूमीवाल्यांना मुलहर्न सापडेना. आणि चार जुलै आला. डेनी समारंभाला गेलाच नाही, फाटकावरच थांबला. स्कॅनलनं बॅंड वाजवून घेतला आणि संगमरवर कोराच ठेवून परत आपल्या आवारात नेला. कोरे दगड त्याच्याकडे नेहमीच असायचे.

ऑगस्टमध्ये, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर, विनिफ्रेड वाचनालयात आली. तिनं याआधी तिथे कधी पाय ठेवला नव्हता. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"त्या तारखा माझ्याकडे द्या. सगळ्या."

मी तक्ते काढून दिले. ती खुर्चीत बसली आणि गिरणीत सूत तपासावं तशी एकेक ओळ तपासत गेली. मध्ये दोनदा विचारलं, हा रकाना कशाचा? मी सांगितलं. मग तिचं बोट थांबलं.

"मी नऊ जुलैची. त्या दिवशी चार वेळा गेला, एकही नाही."

"हो."

"मग एकदम तेरा. दहा, अकरा, बारा कुठे आहेत?"

"ते कागद मी मागे ठेवलेत. त्या तीन दिवशी तक्त्यात मुलहर्न नाही."

"क्लब खेळला?"

मी ते तीन कागद शोधून तिच्यापुढे ठेवले. क्लब तिन्ही दिवस खेळला होता, सेंट लुइसमध्येच. डाव्या मैदानात दुसराच कुणीतरी उभा होता. अठ्ठावीस जूनच्या पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत कॉन फक्त हेच तीन दिवस बसून राहिला होता. मी हे सगळे तक्ते स्वतःच्या हातानं उतरवले होते, बेरजा केल्या होत्या, दोनदा तपासल्या होत्या, आणि मला ते दिसलं नव्हतं. मी खेळलेले सामने मोजत होते. तिनं न खेळलेले मोजले.

"पिशवी भरून बसला होता," विनिफ्रेड म्हणाली. मग तोंडावर बाही धरून ती रडली. बेचाळीस वर्षांची मुकादम बाई, मला काय करावं सुचेना. मी जाऊन दाराला आतून कडी लावली.

रडून झाल्यावर ती उठली. "कागद उद्या आणते. डेनीकाकांना सांगा, हे त्यांच्यासाठी नाही."

नक्कल न्यूयॉर्कला गेली. या वेळी उत्तर तीन ओळींचं होतं आणि त्यात कुणाच्या उत्साहाचं कौतुक नव्हतं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल, एवढंच.

आवृत्ती १९२७ च्या एप्रिलमध्ये आली. त्याच आठवड्यात स्कॅनलनं मैदानाच्या समितीची बैठक वाचनालयात बोलावली आणि डेनीला व विनिफ्रेडला मुद्दाम निरोप धाडला. इतक्या महिन्यांत ती डेनीशी एक शब्द बोलली नव्हती. फाटक ओलांडतानाही मान वळवत नसे. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले. मी पान उघडून मोठ्यानं वाचलं.

‘मुलहर्न, कॉर्नेलियस. १८८४. सामने १९. बॅटिंगला ७० वेळा. फटके २६. सरासरी .३७१. मृत्यू सप्टेंबर १८८४, सेंट लुइस.’

‘मुलहर्न, डेनिस. १८८४. सामने ३. बॅटिंगला ११ वेळा. फटके ०. सरासरी .०००.’

"तीनशे एकाहत्तर!" स्कॅनल टेबलावर हात आपटून म्हणाला. "देवा रे! डेनीचे ते अकरा चिकटले म्हणून तीनशे एकवीस दिसत होते! कारागिराला सांगतो, उद्याच कोरायला घे. कॉनची ओळ."

"बरोबर आहे," डेनी म्हणाला. बेचाळीस वर्षांचं ओझं उतरलेला माणूस जसा दिसावा तसा तो दिसत होता, म्हणजे दमलेला. "तेवढीच हवी."

"दोन्ही," विनिफ्रेड म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"अगं, पण शून्य?" स्कॅनल म्हणाला. "शून्य कुणी संगमरवरात कोरतं का? मी चाळीस वर्षं दगड कोरून घेतोय, लोक मेलेल्याचं एक वाईट लिहू देत नाहीत."

"खोटं काढायला मी कागद आणून दिला. खरं झाकायला नाही दिला. कोरायचं तर दोघांचं, नाहीतर दगड परत घेऊन जा." मग ती डेनीकडे न बघता म्हणाली, "या माणसानं स्वतःचं शून्य मागून घेतलंय. मी गिरणीत दोनशे जणी सांभाळते. चुकलं म्हणून आपण होऊन सांगायला आलेली मला वर्षात एक भेटत नाही."

स्कॅनलनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि कागदावर दोन्ही ओळी लिहून घेतल्या. बैठक उठली. माणसं एकेक करून गेली. डेनी टोपी घेऊन दाराकडे निघाला, तशी विनिफ्रेड म्हणाली, "बसा, डेनीकाका."

तो बसला. तिनं खुर्ची ओढून त्याच्याजवळ आणली आणि ते पान त्याच्यासमोर सरकवलं.

"यात तो किती वेळा गेला आणि किती वेळा मारला, एवढंच आहे. तो दिसायचा कसा, उभा कसा राहायचा, काहीच नाही. आईनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही."

"काय सांगू, विनी?"

"काहीही. बॅट कुठल्या हातानं धरायचा?"

"डाव्या," डेनी म्हणाला. "सगळंच डाव्या हातानं. फावडंही. खाणीत त्याच्या शेजारी कुणी उभं राहायला तयार नसायचं."

विनिफ्रेडनं आपला डावा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"शाळेत सिस्टर माझा हा हात पाठीशी बांधून ठेवायच्या," ती म्हणाली. "उजव्यानं लिहायला लागेपर्यंत, दोन वर्षं. मी रडत घरी यायचे. आई म्हणायची, ही खोड तुला कुठून लागली, देव जाणे."